ग्रंथांचे सामर्थ्य कोठे असते?

ग्रंथ हेच गुरू, हे वाक्य आपण शाळेच्या भिंतीवर वाचतो, वाचनालयाच्या वार्षिक समारंभात ऐकतो आणि मान डोलावतो. परंतु गुरू म्हटला की शिष्य आलाच. शिष्याने पुढे काय केले हे विचारल्यावाचून गुरूची थोरवी कळत नाही. ग्रंथांच्या बाबतीत हा दुसरा प्रश्न आपण क्वचितच विचारतो. जग बदलणाऱ्या ग्रंथांच्या याद्या पुष्कळ निघतात. पण तो ग्रंथ कोणाच्या हाती पडला, त्या माणसांनी त्याचे काय केले, आणि ज्यांना अक्षरओळखही नव्हती त्यांच्यापर्यंत तो कसा पोचला, याचा शोध घेणारे थोडे असतात. इंदिरानगरच्या या व्याख्यानमालेत हा विषय आमच्या वाट्यास आला, तेव्हा आम्ही याच बाजूने त्याकडे पाहण्याचे ठरविले.

आम्ही पंडित नव्हे. सातपूर-अंबडच्या कारखान्यांसमोर द्वारसभा घेण्यात आमचे आयुष्य गेले. वाचनाची गोडी लागली तीही युनियनच्या कचेरीत, मागण्यांचे मसुदे लिहिता लिहिता. म्हणून ग्रंथ हाती आला की आमच्या मनात पहिला प्रश्न उभा राहतो तो कामगाराचा: याने कोणाचे काय हलले? आज आपण चार-पाच ग्रंथांना हाच प्रश्न विचारू. ते बहुतेक मराठी मुलुखातलेच आहेत, आणि त्यांतील दोहोंचा आपल्या नाशिक जिल्ह्याशी जवळचा संबंध आहे.

एका ग्रंथापासून एका सुट्टीपर्यंत

टॉमस पेन या इंग्रज लेखकाने 1791 व 1792 मध्ये मानवी हक्कांवरील आपला ग्रंथ दोन भागांत प्रसिद्ध केला. माणसाचे हक्क जन्मसिद्ध आहेत, कोणा राजाने वा सरदाराने ते बहाल केलेले नाहीत, असा त्याचा आशय. इंग्लंडच्या सरकारने लेखकावर राजद्रोहाचा खटला भरला. पुस्तक मात्र समुद्र ओलांडून गेले. पंचावन्न वर्षांनी, 1847 साली, पुण्यातील एका वीस वर्षांच्या तरुणाने ते आपल्या मित्राबरोबर वाचले. तो तरुण म्हणजे जोतीराव फुले. पुढल्याच वर्षी त्यांनी मुलींची शाळा काढली.

1873 साली जोतीरावांचा ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ निघाला. अमेरिकेत गुलामीची प्रथा 1865 मध्ये कायद्याने संपली होती. तिच्या नाशासाठी झटलेल्या अमेरिकेतील सदाचारी लोकांना त्यांनी तो अर्पण केला. ग्रंथाची रचना जोतीराव आणि धोंडीबा यांच्या संवादाची आहे: एकाने शंका विचारावी, दुसऱ्याने उत्तर द्यावे. ही रचना लक्षात ठेवण्यासारखी आहे. संवाद हा मोठ्याने वाचण्यास सोपा. चावडीवर एकाने वाचले आणि पंधरा जणांनी ऐकले, तर पंधराही जणांना तो समजतो. ज्या समाजासाठी हा ग्रंथ लिहिला गेला, त्यातील बहुसंख्यांना वाचता येत नव्हते. लेखकाला याची पुरती जाणीव होती.

या ग्रंथाने केलेली पहिली गोष्ट म्हणजे दुःखाला नाव दिले. शूद्रातिशूद्र पिढ्यान् पिढ्या जे भोगत होते त्याला कोणी प्रारब्ध म्हणत असे, कोणी पूर्वजन्मीचे पाप म्हणत असे. जोतीरावांनी त्याला गुलामगिरी म्हटले. प्रारब्धाशी भांडता येत नाही, पण गुलामगिरी माणसांनी लादलेली असते आणि माणसांना ती उलथता येते. सातासमुद्रापलीकडच्या काळ्या गुलामांची ती उलथली गेली होती, हा पुरावा डोळ्यांसमोर होता.

दुसरी गोष्ट त्याच वर्षी घडली. 24 सप्टेंबर 1873 रोजी सत्यशोधक समाजाची स्थापना झाली. ग्रंथ आणि संघटना एकाच वर्षी जन्मास आली. 1877 मध्ये कृष्णराव भालेकरांनी पुण्यात ‘दीनबंधु’ हे पत्र काढले, आणि 1880 मध्ये ते मुंबईस नारायण मेघाजी लोखंडे यांच्या हाती आले. लोखंडे सत्यशोधक होते, आणि काही काळ त्यांनी कापडगिरणीत स्टोअरकीपरचे काम केले होते. उजाडल्यापासून दिवेलागणीपर्यंत सांचे चालत. सुट्टी मालकाच्या मर्जीवर असे आणि महिनाभर घाम गाळूनही पगार केव्हा पडेल याचा भरवसा नसे, हे त्यांनी जवळून पाहिले होते.

1881 चा पहिला कारखाना कायदा केवळ लहान मुलांपुरता होता. सात ते बारा वर्षांच्या मुलांना दिवसाला नऊ तास काम आणि महिन्यास चार सुट्ट्या, एवढेच त्याने दिले. मोठ्यांना काहीच नव्हते. सप्टेंबर 1884 मध्ये लोखंड्यांनी परळ येथे कामगारांच्या सभा घेतल्या आणि साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज कारखाना आयोगापुढे ठेवला. मागण्या पाच होत्या. आठवड्यास एक दिवस, रविवारी, सुट्टी मिळावी. दुपारी अर्धा तास विश्रांती मिळावी. काम सकाळी साडेसहाला सुरू होऊन सूर्यास्ताला थांबावे. पगार पुढील महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत व्हावा. आणि कामावर जखमी होणाऱ्यास भरपाई मिळावी. 24 एप्रिल 1890 रोजी महालक्ष्मीच्या मैदानावर सुमारे दहा हजार कामगारांची सभा भरली. तीत दोन कामगार स्त्रियांनीही भाषणे केली. त्यानंतर 10 जून 1890 रोजी गिरणीमालकांच्या संघाने रविवारची सुट्टी मान्य केली. 1891 च्या कायद्याने साप्ताहिक सुट्टीला सरकारी आधार मिळाला.

‘गुलामगिरी’ने रविवारची सुट्टी मिळवून दिली, असे म्हटले तर ती अतिशयोक्ती होईल. मुंबईच्या गिरण्यांवर निर्बंध यावेत असे लँकेशायरच्या मालकांनाही वाटत होते, कारण मुंबईचे कापड त्यांच्या बाजारपेठेत शिरत होते. इंग्रज सरकारच्या कानी कामगारांचे गाऱ्हाणे गेले त्याला हेही एक कारण आहे. परंतु गाऱ्हाणे मांडणारा माणूस कोठून आला? आपल्या स्थितीला नाव देण्याची, चारचौघांना जमविण्याची आणि कागदावर मागणी लिहिण्याची सवय त्याला कोठे लागली? तो मार्ग आपण पाहिला: पेनच्या ग्रंथातून जोतीरावांकडे, ‘गुलामगिरी’तून समाजाकडे, समाजातून वृत्तपत्राकडे, वृत्तपत्रातून परळच्या सभेकडे. यातली एक कडी निखळली असती, तर खंडोबाचा वार गिरणीतल्या इतर वारांसारखाच धुरात गेला असता.

निजलेले ग्रंथ

आता उलट बाजू पाहू. 1882 साली पुण्यात एक छोटे पुस्तक छापले गेले, ‘स्त्री-पुरुष तुलना’. लेखिका बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे. प्रती पाचशे. सुरतेतील विजयालक्ष्मी नावाच्या तरुण विधवेला बालहत्येबद्दल शिक्षा झाली आणि वर्तमानपत्रांतून साऱ्या स्त्रीजातीच्या नीतीवर ताशेरे सुरू झाले. त्या संतापातून ताराबाईंनी लेखणी उचलली. बाईला लावता ते नियम बुवाला का लावत नाही, हा त्यांचा सवाल. पुस्तकावर टीकेची झोड उठली. जोतीरावांनी 1885 मध्ये ‘सत्सार’मध्ये त्यांची बाजू घेतली. परंतु त्या पुस्तकाभोवती मंडळ जमले नाही, त्याचे वाचन ठेवणारी संस्था निघाली नाही. विधवांच्या हाती पैसा नव्हता आणि बहुतेकींना अक्षर नव्हते. पुस्तक विस्मृतीत गेले. 1975 साली स. गं. मालशे यांनी ते पुन्हा प्रसिद्ध केले तेव्हा मधली त्र्याण्णव वर्षे उलटली होती. आज तो ग्रंथ भारतातील स्त्रीमुक्ती विचाराच्या आरंभीच्या ग्रंथांत मोजला जातो. त्यात एका अक्षराचीही भर पडलेली नाही. भर पडली ती वाचणाऱ्या हातांची. शिकलेल्या, संघटित झालेल्या स्त्रियांची पिढी उभी राहिली आणि पुस्तक जागे झाले.

खुद्द जोतीरावांचा अनुभवही पाहा. ‘शेतकऱ्याचा असूड’ त्यांनी 1883 मध्ये पुरा केला. त्याची पहिली दोन प्रकरणे ‘दीनबंधु’त छापली गेली आणि पुढची थांबली. सत्यशोधकांच्या स्वतःच्या पत्राला तो मजकूर झेपला नाही. ग्रंथ जिवंत राहण्यास संघटना लागते हे खरे. पण संघटनेच्या अंगीही ग्रंथ पेलण्याचे बळ असावे लागते, ही गोष्ट आम्हां संघटनावाल्यांनी विसरू नये.

युरोपातही हेच घडले. मार्क्स आणि एंगल्स यांचा जाहीरनामा फेब्रुवारी 1848 मध्ये लंडनमध्ये जर्मन भाषेत छापला गेला. अवघी तेवीस पाने. त्या वर्षीच्या क्रांत्या चिरडल्या गेल्या आणि पुढची कितीतरी वर्षे त्या पत्रकाची फारशी कोणी दखल घेतली नाही. 1870 नंतर कामगारांचे पक्ष आणि संघटना वाढू लागल्या, तेव्हा ते नव्याने निघाले आणि भाषेमागून भाषेत गेले. त्याचे समर्थक असोत वा विरोधक, दोघांनीही त्याला सारे श्रेय वा सारा दोष दिला. पंचवीस वर्षे ते कोठे होते, हे कोणी विचारले नाही.

न झालेले व्याख्यान

आपण व्याख्यानमालेचे लोक आहोत, म्हणून एका न झालेल्या व्याख्यानाची कथा आपणांस विशेष जवळची वाटेल. तिची सुरुवात आपल्याच जिल्ह्यात होते.

काळाराम मंदिरात प्रवेश मिळावा यासाठी 2 मार्च 1930 रोजी नाशिकला सत्याग्रह सुरू झाला. दादासाहेब गायकवाडांसारखे कार्यकर्ते त्यात होते आणि तो पाच वर्षे रेंगाळला. दार उघडले नाही. अखेर 13 ऑक्टोबर 1935 रोजी येवल्याच्या परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी जाहीर केले की आपण हिंदू म्हणून जन्मलो तरी हिंदू म्हणून मरणार नाही. याच सुमारास लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने आपल्या 1936 च्या अधिवेशनाचे अध्यक्ष म्हणून त्यांना बोलाविले होते. बाबासाहेबांनी भाषण लिहून काढले. मंडळींनी ते आधी वाचले आणि ते घाबरले. शास्त्रांच्या प्रामाण्यावर घाव घालणारा भाग गाळावा, अशी त्यांची इच्छा होती. बाबासाहेबांनी भाषणात काडीचाही फरक करण्यास नकार दिला. अधिवेशनच रद्द झाले.

भाषण झाले असते तर काही हजार लोकांनी ऐकले असते, वर्तमानपत्रांत दोन रकाने आले असते. ते झाले नाही म्हणून बाबासाहेबांनी मे 1936 मध्ये स्वखर्चाने त्याच्या पंधराशे प्रती इंग्रजीत छापल्या. दोन महिन्यांत प्रती संपल्या. मराठी, गुजराती, हिंदी, पंजाबी, तमिळ, मल्याळम अशा भाषांत भाषांतरे निघाली. महात्मा गांधींनी ‘हरिजन’मधून त्यावर लिहिले. त्यांचे म्हणणे आणि त्यावरील आपले उत्तर बाबासाहेबांनी दुसऱ्या आवृत्तीत शेजारी शेजारी छापले. वाद करावा तर असा!

ताराबाईंच्या पाचशे प्रती निजल्या आणि या पंधराशे प्रती देशभर पसरल्या, हे कशामुळे? आमचे उत्तर असे, की हा ग्रंथ निघण्यापूर्वीच त्याचे वाचक उभे होते. 1927 मध्ये महाडच्या तळ्यावर गेलेले, त्याच वर्षी 25 डिसेंबरला मनुस्मृतीचे दहन पाहिलेले, गोदाकाठी लाठ्या खाल्लेले ते लोक होते. त्यांच्यातला एक शिकलेला वाचत होता आणि वस्ती ऐकत होती. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये स्वतंत्र मजूर पक्ष निघाला. मनुस्मृतीचा उल्लेख आला म्हणून एक गोष्ट स्पष्ट करतो. ग्रंथांचा प्रभाव नेहमी कल्याणकारीच असतो, असे समजण्याचे कारण नाही. माणसाला मोकळे करणारे ग्रंथ असतात, तसे जखडून ठेवणारेही असतात. महाडची होळी ही ग्रंथाच्या सामर्थ्याची एक प्रकारे कबुलीच होती. ज्या पुस्तकाचे कोणी ऐकत नाही ते जाळण्यास कोण जाईल?

नाशिकच्या तुरुंगातील पाच दिवस

तिसरा मार्ग याहून वेगळा आहे. त्याला सभा लागत नाही, पक्ष लागत नाही. तोही नाशिकमधूनच जातो.

फेब्रुवारी 1933 मध्ये साने गुरुजी नाशिकच्या तुरुंगात होते. 9 तारखेला त्यांनी लिहिण्यास सुरुवात केली आणि 13 तारखेपर्यंत ‘श्यामची आई’चा बहुतेक भाग लिहून झाला. पुस्तक 1935 मध्ये निघाले. त्याआधीच्या वर्षी, 1932 मध्ये, धुळ्याच्या तुरुंगात विनोबा दर रविवारी गीतेवर प्रवचन देत आणि गुरुजी ते उतरून घेत. ‘गीता प्रवचने’ हा ग्रंथ अशा रीतीने तयार झाला. बाहेरच्या कामगाराने झगडून मिळविलेला रविवार आत कैद्यांच्या अभ्यासाच्या कामी आला, हा योगायोग आम्हांला मोठा गोड वाटतो.

‘श्यामची आई’ घरात शिरली. कंदिलाच्या उजेडात थोरल्या मुलीने वाचावे आणि आजीपासून धाकट्यापर्यंत सर्वांनी ऐकावे, असे कितीतरी घरांत घडले. 1953 मध्ये आचार्य अत्र्यांनी तिच्यावर चित्रपट काढला आणि त्याला पहिले राष्ट्रपती सुवर्णपदक मिळाले. या पुस्तकाने काय बदलले ते कायद्याच्या पुस्तकात सापडणार नाही. घरातल्या बोलण्याचालण्यात काही प्रमाणात सापडेल. लोक डोळे पुसतात ते आईच्या मायेपाशी. परंतु त्याच पुस्तकात एका महार म्हातारीच्या डोक्यावर लाकडांची मोळी उचलून देण्यास आई श्यामला पाठविते, तो प्रसंग आहे. विटाळाच्या भीतीने कोणी पुढे होत नव्हते त्या काळातली ही गोष्ट. गुरुजींनी स्वतः ती अश्रूंपुरती ठेवली नाही. मे 1947 मध्ये पंढरपूरचे विठ्ठलमंदिर हरिजनांना खुले व्हावे म्हणून त्यांनी प्राणांतिक उपोषण केले. मंदिर खुले झाले. मोळीला हात लावणारी आई आणि पंढरपूरचे दार यांत चौदा वर्षांचे अंतर आहे. पण वाट एकच आहे.

वाचणाऱ्याचा लेखक होतो

ग्रंथाच्या प्रभावाची आणखी एक खूण आहे. कालपर्यंत ऐकणारा उद्या लिहू लागतो. वाटेगावचे अण्णा भाऊ साठे शाळेत टिकले नाहीत. मुंबईत दुकानांच्या पाट्या वाचत अक्षरे शिकले, गिरणीत राबले, आणि 1959 मध्ये ‘फकिरा’ लिहून गेले. ती कादंबरी त्यांनी बाबासाहेबांच्या लेखणीस अर्पण केली आहे. नारायण सुर्व्यांना एका गिरणीकामगाराने वाढविले. शाळेत शिपाई, मग शिक्षक आणि मग कवी असा त्यांचा प्रवास, आणि 1966 च्या आपल्या संग्रहाचे नाव त्यांनी ‘माझे विद्यापीठ’ असे ठेवले. आपल्या विहितगावात जन्मलेल्या बाबुराव बागुलांनी 1963 मध्ये ‘जेव्हा मी जात चोरली होती’ हा कथासंग्रह दिला आणि पुढे येणाऱ्या दलित साहित्याला वाट मिळाली. ‘गुलामगिरी’तला धोंडीबा शंका विचारीत होता. नव्वद वर्षांनी तो स्वतः पुस्तक लिहू लागला, असे म्हणता येईल.

आज आपल्या हाती काय आहे?

येथवर ऐकून कोणी म्हणेल, हे सारे खरे, पण गेल्या काळचे. आता ज्याच्या त्याच्या खिशात मोबाईल आहे, पुस्तक कोण उघडतो? याला उत्तर म्हणून आमच्या कामातला एक अनुभव सांगतो.

आमच्या युनियनच्या कचेरीत महिन्यातून एकदा संध्याकाळची पाळी सुटल्यावर दहा-बारा जण बसून काहीतरी वाचतात. एकदा लोखंड्यांच्या 1884 च्या पाच मागण्या वाचल्या. ऐकणाऱ्यांत एका कारखान्यातला कंत्राटी कामगार होता, वय वर्षे चोवीस. त्याने यादी पुन्हा वाचण्यास सांगितले आणि बोटांवर मोजू लागला. ठेकेदार पगार केव्हा देईल याचा नेम नव्हता. सलग तीन-तीन आठवडे सुट्टी नसे, आणि घेतली तर हजेरी कापली जाई. प्रेसमध्ये बोट गेलेल्या त्याच्या सोबत्याला औषधापुरते पैसे देऊन घरी पाठविले होते. पाचांपैकी तीन मागण्या त्याच्या स्वतःच्या निघाल्या. “हे एवढे जुने आहे?” एवढेच तो म्हणाला. पण पुढल्या बैठकीस तो आणखी सात जणांना घेऊन आला आणि त्यांनी आपला अर्ज स्वतः लिहिला. आम्ही फक्त शुद्धलेखन पाहिले. पगाराची तारीख ठरली. आठवड्याची सुट्टी बऱ्याच खटपटीनंतर मिळाली. बोटाच्या भरपाईचे भांडण अजून चालू आहे.

त्या मुलाला कायद्याची कलमे आम्ही यापूर्वी अनेकदा सांगितली होती. त्याने मान हलविली होती, इतकेच. आपले दुःख सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वी कोणीतरी मांडले, त्यावर हजारोंनी सह्या केल्या आणि ते मान्यही झाले होते, हे कळल्यावर तो उठला. त्याच्या लक्षात आले की आपण भीक मागत नाही, मिळालेली वस्तू परत मागतो आहोत. हे बळ कलमांच्या यादीने येत नाही. इतिहास सांगणाऱ्या, माणसांची हकीकत सांगणाऱ्या ग्रंथाने येते. आणि तो ग्रंथ त्याने एकट्याने वाचला नव्हता, दहा जणांत ऐकला होता, हेही विसरता कामा नये.

म्हणून आमची सूचना अगदी साधी आहे. नाशिकला सार्वजनिक वाचनालय 1840 पासून आहे. फार थोड्या गावांचे असे भाग्य असते. न्यायमूर्ती रानड्यांनी 1875 मध्ये पुण्यात लावलेल्या वसंत व्याख्यानमालेच्या रोपाची कलमे आपल्या शहरातही जोमाने वाढली आहेत. तेव्हा आपल्याकडे ग्रंथ आहेत आणि वक्ते आहेत. कमी आहे ती मधल्या कडीची. इंदिरानगरच्या प्रत्येक गल्लीत, प्रत्येक सोसायटीच्या गच्चीवर महिन्यास एकदा दहा माणसे बसली आणि एकाने वाचून इतरांनी ऐकले, तर त्याला खर्च नाही. त्या दहांत घरकाम करणारी बाई असावी, पहारेकरी असावा, अंबडच्या कारखान्यातला कंत्राटी मुलगा असावा. त्यांना बोलावणे धाडावे आणि त्यांच्या सवडीची वेळ ठेवावी. वाचून झाल्यावर एकच प्रश्न विचारावा: यातले आपल्या गल्लीत काय लागू आहे?

कोणता ग्रंथ निवडावा, याची चिंता करू नये. पहिल्या बैठकीस ‘गुलामगिरी’ घ्यावी. ती संवादात आहे. दोघांनी दोन भूमिका घेऊन वाचली की ऐकणाऱ्यांना कंटाळा येत नाही, असा आमचा अनुभव आहे. बैठक रविवारी ठेवावी. त्या दिवशी ज्यांना येता आले नाही, त्यांना का येता आले नाही याची चौकशी सोमवारी करावी. तेथून पुढचे काम आपोआप समोर येईल.